धावपळीच्या दिवसात मिनिटभराचा व्यायाम कसा बसवावा: वेळ नको, खुंटी शोधा

रोज सकाळी अर्धा तास व्यायामासाठी काढा, हा सल्ला मला आता ऐकवत नाही. फोंड्यात राहून पणजीला नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस बघा. सकाळचा चहा, डबे, मुलांची शाळा, कदंबच्या सरकारी बसमध्ये तासभर, कचेरीत दिवसभर खुर्ची, परत तासभर बस, आणि घरी आल्यावर रात्रीचा स्वयंपाक. यात सलग अर्धा तास कुठेच नाही. तो काढायला पहाटे साडेचारचा गजर लावला तर झोप तुटते, आणि झोप तोडून सुरू केलेला व्यायाम थोड्याच आठवड्यांत बंद पडतो. माझ्या ओळखीत तरी याला अपवाद नाही.

पण याच दिवसात एक-दोन मिनिटांच्या मोकळ्या जागा जिथे तिथे असतात. चहाचे आधण उकळेपर्यंत, कुकरची शिटी होईपर्यंत, कचेरीतला संगणक सुरू होईपर्यंत. त्या जागांत साधनांशिवाय, आपल्याच वजनावर करायचे व्यायाम बसतात. मी बरीच वर्षे हे करते आहे, कचेरीतल्या अनेकींना बसवून दिले आहे, आणि कुठे घोडे अडते ते आता मला पक्के माहीत आहे.

एवढ्याशाने काय होते?

पुष्कळ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या शिफारशीत हालचाल सलग किमान १० मिनिटांची हवी अशी अट होती. २०२०च्या शिफारशीत ती अट काढून टाकली. आता मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाची हालचाल सांगितली आहे, ती कितीही तुकड्यांत केली तरी चालते. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. हा दुसरा भाग आपल्याकडे जवळजवळ सगळेच विसरतात. संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर फेरी मारली की झाले, असे समजतात. चालणे चांगलेच, पण त्याने हात, खांदे, पाठ यांना ताकद येत नाही.

२०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटनमधल्या २५ हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास आला. ही सगळी व्यायाम न करणारी माणसे, मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधलेली. त्यातल्या ज्यांच्या रोजच्या जगण्यात एक-दोन मिनिटांची दमवणारी हालचाल दिवसातून तीनदा होत होती, त्यांच्यात अशी हालचाल अजिबात नसलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्के कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात धडधाकट असलेला माणूस जास्त धावपळ करतो, हेही त्यात मिसळलेले असू शकते. म्हणून मला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१९चा छोटा प्रयोग जास्त पटतो. तरुण, बैठ्या माणसांना तीन मजल्यांचा जिना, म्हणजे ६० पायऱ्या, झपाट्याने चढायला लावल्या. दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचे अंतर, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत त्यांचा दमसास मोजण्याइतका वाढला. वाढ थोडीच होती, पण एका चढाईला मिनिटही लागत नव्हते.

‘चार मिनिटांत तासाभराचा व्यायाम’ असे सांगणारे व्हिडिओ मात्र सोडून द्या. त्यात नाव घेतात जपानच्या इझुमी ताबाता यांचे. त्यांचा १९९६चा प्रयोग सायकलच्या यंत्रावरचा होता. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, आणि पुन्हा तेच, तेही व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर. दिवाणखान्यात चार मिनिटे उड्या मारणे म्हणजे तो प्रयोग नव्हे.

व्यायाम कोणते

तीन पुरेत. बैठका, जोर आणि जिना. बैठका खुर्चीसमोर उभे राहून करा, हात न टेकता बसा आणि उठा. जिना तुमच्या इमारतीत असतोच. जोर ओट्याच्या कडेला हात टेकून करा. जमिनीवर सुरुवात करू नका, आणि गुडघे टेकूनही करू नका. गुडघे टेकले की कंबर खाली झोळते, कपडे मळतात, आणि साडी किंवा कुर्ता सांभाळायचा ते वेगळेच. जमिनीवरच्या पूर्ण जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. हात ३० सेंटिमीटर उंचीवर टेकले तर ५५ टक्के, ६० सेंटिमीटरवर ४१. स्वयंपाकाचा ओटा त्याहून उंच, म्हणून भार आणखी हलका. बलकांवातला, म्हणजे दारासमोरच्या पडवीतला, सोपो हा बसायचा कट्टा या दोन उंचींच्या साधारण मधला. म्हणजे ओटा, मग सोपो, मग जिन्याची खालची पायरी, मग जमीन, अशी पुढे जायची वाट घरातच आहे.

ओढण्याचा व्यायाम यात नाही, ही उणीव आहे. ज्यांच्या परसात विहीर आहे त्यांनी रोज दोन-चार घागरी शेंदून काढाव्यात, पाठीला त्याहून चांगले काही नाही. खिडकीच्या गजांना किंवा दाराच्या वरच्या कडेला लोंबकळू नका.

खुंटी कशी निवडायची

इथेच माणसे अडकतात. मीही सगळ्यात जास्त इथेच झगडले. व्यायाम कोणता, किती, हे दोन दिवसांत जमते. तो दिवसात कुठे टांगायचा, हे जमायला वेळ लागतो. ज्या रोजच्या कामाला व्यायाम अडकवायचा त्या कामाला मी खुंटी म्हणते. खुंटी कच्ची निघाली तर बाकी कितीही चोख केले तरी महिन्याभरात सगळे खाली येते.

फोनवर गजर लावणे ही खुंटी नव्हे. गजर अकराला वाजतो तेव्हा तुमच्यासमोर कोणीतरी कागद घेऊन उभे असते, किंवा हात कणकेत असतात. तुम्ही तो बंद करता. दोन-चार वेळा बंद केला की हाताला बंद करण्याचीच सवय लागते. दर तासाला उठायची आठवण करून देणारी घड्याळेही तशीच बिनकामाची. व्यायाम घड्याळाच्या वेळेला बांधायचाच नाही, घटनेला बांधायचा. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, रोज ठरलेल्या मिनिटाला येतो असे नाही, पावसात तर उशीर होतोच. पण भोंपू ऐकून खाली जाणे, पाव घेणे आणि पावाची पिशवी टेबलावर ठेवणे हे रोज होते. पिशवी टेबलावर ठेवली की लगेच दहा बैठका. पोदेर अर्धा तास उशिरा आला तर बैठकाही अर्धा तास उशिरा, पण होतात. घड्याळाला बांधलेल्या असत्या तर त्या दिवशी बुडाल्या असत्या.

मात्र प्रत्येक घटना खुंटी होत नाही. आधी बघायचे की ती रोज होते का, आणि तुम्ही ठरवल्याशिवाय होते का. ‘जेव्हा मोकळी होईन तेव्हा’ ही घटना नाही. ‘वर्तमानपत्र वाचून झाल्यावर’ हीही कच्ची, कारण वाचायचे राहून जाते. दात घासणे, आंघोळ, चहा, कचेरीत पोचणे, घराची कडी काढणे, या पक्क्या.

मग बघायचे की त्या क्षणी हात आणि डोळे मोकळे आहेत का. बऱ्याच जणी सांगतात की दूध तापत असताना जोर काढते. कृपा करून असे करू नका. दुधाकडे लक्ष द्यावे लागते, अर्धे मन तिकडे राहते, आणि एकदा दूध उतू गेले की तुम्ही जोर सोडून देणार. चहाच्या आधणाला बघावे लागत नाही. ते पाणी उकळायला दोन-चार मिनिटे लागतातच आणि उकळले तरी काही बिघडत नाही. कुकरही चालतो. फोडणी, आंबोळी, मासे तळणे यांच्या आसपास काहीही करू नका.

तिसरे, जागा. घटना जिथे होते तिथेच व्यायाम करता आला पाहिजे. स्वयंपाकघरात ओटा आहे म्हणून तिथे जोर. खोलीत जाऊन चटई अंथरून करू म्हटले की मध्ये कपडे उचलणे, मुलाचे दप्तर, फोन, सगळे आडवे येते. चटई लागणारा कोणताही व्यायाम या पद्धतीत धरू नका. सूर्यनमस्कार उत्तम आहेत, पण त्यांना जागा हवी, रिकामे पोट हवे, शांतपणा हवा. रविवारी सवडीने घाला. कामाच्या दिवशी दोन मिनिटांत कोंबलेले सूर्यनमस्कार वाकडेतिकडे होतात आणि कंबर धरते.

चौथे, त्या घटनेनंतर घाई असता कामा नये. ‘बसथांब्यावर पोचल्यावर टाचा उचलायच्या’ हे कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात बस समोर उभी असते आणि तुम्ही धावता. बसला काहीही बांधू नका. कचेरीच्या इमारतीत शिरल्यावर पहिला जिना झपाट्याने चढणे हे चालते, कारण चढायचे तर असतेच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि आता मी ती सगळ्यांना आग्रहाने सांगते. व्यायाम सक्तीच्या कामानंतर आणि आवडीच्या गोष्टीआधी बसवा. चहा पिऊन झाल्यावर जोर काढायचे ठरवले तर चहा पिऊन माणूस बसूनच राहतो. चहा गाळण्याआधी काढायचे ठरवले तर ते होतात, कारण पुढे चहा असतो. आंघोळीआधी बैठका होतात, आंघोळीनंतर होत नाहीत. दुकानदारांना तर गोव्यात सोन्यासारखी खुंटी मिळाली आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही बघा, दुपारी एकच्या सुमारास दुकान बंद होते. शटर ओढले, कुलूप लावले, आणि जेवायला निघण्याआधी आत-बाहेरच्या पायरीवर हात टेकून एक फेरी जोर. जेवून झोप झाल्यावर करू म्हणणाऱ्याचे जोर मी कधी झालेले पाहिले नाहीत.

खुंटी पक्की आहे की नाही याची परीक्षा घ्यायची तर चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, घ्या. त्या दिवसांत घरात दहा-पंधरा माणसे, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, नेवऱ्या, आरत्या, पाहुणे. स्वयंपाकघर आपले राहत नाही, म्हणून ओट्यावरचे जोर बंद पडतात. कचेरी बंद, म्हणून जिना नाही. पण आंघोळ कोणी सोडत नाही. म्हणून पहिली खुंटी आंघोळीची धरा असे माझे ठाम मत आहे. कपडे घेऊन न्हाणीकडे निघालात की आत शिरण्याआधी, बाहेर कोरड्या जमिनीवर बैठका. आत नको. ओल्या फरशीवर पाय घसरून मनगट मोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

एका वेळी एकच खुंटी घ्या. पहिल्याच सोमवारी पाच खुंट्या ठरवणारी माणसे शनिवारपर्यंत सगळ्या सोडतात. एकीला दोन आठवडे द्या. ती न आठवता होऊ लागली, म्हणजे न्हाणीशी पोचल्यावर पाय आपोआप थांबू लागले, की दुसरी. एखादे दिवशी चुकली तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. गेली ती गेली. दुप्पट करायला लागलात की मनात त्याचा धसका बसतो आणि तुम्ही खुंटीच टाळू लागता.

आणि कोणाला तरी घरात सांगून ठेवा. माझ्या सासूबाई आता सोप्यावरून हात न टेकता उठायचा सराव माझ्याबरोबर करतात. त्यांची खुंटी सकाळच्या पेजेची आहे. पेज वाढण्याआधी सावकाश सहा-सात वेळा उठबस. वयाबरोबर मांड्यांची ताकद कमी होते, आणि खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागू लागला की जिना, बस, शौचालय सगळेच अवघड होऊन बसते. म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्ही फक्त चाला’ असे सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांना उठबस सगळ्यात जास्त लागते.

किती करायचे

जितके होतात त्यापेक्षा दोन-तीन कमी. सलग बारा जोर येत असतील तर नऊ करून थांबा. चेहरा लाल होऊन हात थरथरेपर्यंत केले तर दुपारच्या फेरीला तुम्ही टाळाटाळ कराल. दिवसातून तीन वेळा नऊ म्हणजे सत्तावीस, आठवड्यातले सहा दिवस धरले तर दीडशेच्या वर. ताकद याच बेरजेने येते. पहिल्या आठवड्यात तर याच्याही निम्मे करा. सवय नसलेले स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दुखतात, आणि पहिल्या दिवशीच्या उत्साहात पन्नास बैठका काढणारी माणसे तिसऱ्या दिवशी कदंबची पायरी चढू शकत नाहीत.

श्वास रोखू नका, खाली जाताना घ्या, वर येताना सोडा. रक्तदाब असलेल्यांनी हे काटेकोरपणे पाळावे. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि छातीत दुखले, भोवळ आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, बैठक सोडू नका.

घामाचे काय

गोव्यात हा खरा अडथळा आहे. पंख्याखाली थंड हवेत राहणाऱ्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात घामाचा विचार नसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो पण सुकत नाही, आणि कचेरीत ओला कुर्ता घालून कोणालाही बसायचे नसते. त्यावर मांडणी बदलावी लागते. पायांचे व्यायाम मोठ्या स्नायूंचे, त्यांनी अंग लवकर तापते. म्हणून बैठका आंघोळीआधी. कचेरीत टेबलाच्या कडेवर किंवा भिंतीवर हात टेकून जोर, तेही पाऊण मिनिटाच्या आत. घाम यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात फेरी संपवून पंख्याखाली बसले की कपडे कोरडे राहतात. टेबल भिंतीला लागलेले असेल तरच त्यावर भार टाका. मोकळे टेबल सरकते.

या घामाच्या दिवसांत जिना मात्र संध्याकाळी घरी परतताना चढा. पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, बाहेरच्या चिऱ्यांच्या पायऱ्या या कामाला वापरू नका. त्यांवर शेवाळ धरते, आणि पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर काय किंवा देवळाच्या पायऱ्यांवर काय, घाईने चढणारा घसरतोच. छपराखालचा, कठड्याचा जिना धरा. उतरताना घाई नको, गुडघ्यांना तेच जास्त बोचते.

पुढे कसे जायचे

ठरवलेला आकडा सोपा वाटू लागला, म्हणजे संपल्यावर बोलताना धाप लागेनाशी झाली, की आकडा वाढवत बसू नका. वीसपर्यंत ठीक, पुढे जागा बदला. जोर ओट्यावरून सोप्यावर आणा, आकडा परत आठवर. बैठकांत खाली जायला मोजून तीन सेकंद लावा, मग खुर्ची काढून टाका, मग एका पायावर जास्त वजन देऊन बसा. जिना एकेका पायरीऐवजी दोन-दोन पायऱ्यांनी, कठड्याला हात ठेवून.

ताप आला, गावाला गेलात, घरात लग्न निघाले, आणि आठ-पंधरा दिवस सगळे थांबले, तर परत सुरू करताना खुंटी तीच ठेवा, आकडा निम्मा करा, आणि जागा एक पायरी वरची घ्या, म्हणजे सोप्यावरून परत ओट्यावर. तापानंतर तर घाई करूच नका, अंगात कणकण असेपर्यंत काहीही करायचे नाही. ती गेल्यावर आधी फक्त न्हाणीबाहेरच्या बैठका सुरू करा आणि बाकीच्या खुंट्या त्यानंतरच्या आठवड्यात घ्या.